स्नायूंचे मलम: किती, कुठे आणि किती दिवस

कंबरेत उसण भरली, मान अवघडली किंवा पोटरी आखडली की औषधाच्या दुकानातून जी नळी येते, तिला सरसकट ‘मसल रिलॅक्संट’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. नाव ऐकून वाटते की मलम आत मुरेल आणि ताठरलेला स्नायू सैल पडेल. अशा बहुतेक नळ्यांमधले बहुतेक घटक मात्र स्नायूला सैल करत नाहीत. काही वेदना आणि सूज कमी करतात, तर काही त्वचेवर गारवा किंवा ऊब जाणवून देऊन दुखण्याची जाणीव बोथट करतात. नावावर विसंबून माणूस मलम जास्त लावतो, जोरात रगडतो, वरून शेक घेतो आणि घट्ट पट्टी बांधतो. मलमांमुळे होणाऱ्या बहुतेक इजांची सुरुवात इथेच होते.

स्नायू आखडणे हा बऱ्याचदा शरीराचा बचावच असतो. वजन चुकीच्या पद्धतीने उचलल्याने स्नायूचे काही तंतू ताणले जातात, तिथे दाह सुरू होतो आणि दुखरा भाग हलू नये म्हणून आजूबाजूचे स्नायू आवळून धरतात. त्या आवळण्यानेही दुखते, आणि दुखते म्हणून स्नायू आणखी आवळतात. हे चक्र साधारण काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत आपोआप ढिले पडते. तोपर्यंतचे दिवस सुसह्य करणे एवढेच मलमाचे काम. रात्री झोपेत पोटरीत येणारा वांब ही निराळी गोष्ट. तो काही मिनिटांत ओसरतो आणि पायाची बोटे आपल्याकडे ओढून पोटरी ताणली की लवकर सुटतो. मलमाचा परिणाम सुरू होईपर्यंत तो गेलेलाही असतो.

स्नायू सैल करणारी खरी औषधे गोळ्यांच्या रूपात मिळतात. क्लोरझोक्साझोन, मेथोकार्बामोल, टिझानिडिन ही त्यांतली परिचित नावे. ही औषधे मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात, म्हणून त्यांनी गुंगी येते आणि ती घेऊन गाडी चालवू नये असे सांगितले जाते. जे औषध मज्जारज्जूपाशी पोहोचून काम करते, ते कंबरेवर चोळून तितक्या प्रमाणात तिथे जाणे अवघड. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर अतिशय पातळ असला तरी राखण मोठी चोख करतो.

तरीही भारतात मलमांमध्ये मिसळले जाणारे स्नायू शिथिल करणारे प्रमुख औषध म्हणजे थायोकोल्चिकोसाइड. त्याचा मूळ पदार्थ कळलावीच्या बियांतून काढला जातो आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करून औषध बनते. पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणातल्या कुंपणांवर ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांनी फुलणारी ही वेल, आणि तमिळनाडूचे हे राज्यफूल. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. तिच्यात कोल्चिसिन हे जहाल विष असते आणि तिचा कंद खाल्ल्याने माणसे दगावल्याची नोंद वैद्यकात आहे. विषारी वनस्पतीपासून आले म्हणून औषध वाईट ठरत नाही, तसेच ‘झाडपाल्यातले आहे’ म्हणून ते निरुपद्रवीही ठरत नाही.

या औषधाच्या गोळ्या आणि इंजेक्शनांवर युरोपीय औषध संस्थेने २०१३ साली मर्यादा घातल्या. शरीरात त्याचे विघटन होताना तयार होणारा एक पदार्थ पेशी विभागताना गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असे प्रयोगांत दिसले होते. त्यामुळे तोंडाने घ्यायचे औषध जास्तीत जास्त ७ दिवस आणि इंजेक्शन ५ दिवस असे बंधन आले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया तसेच १६ वर्षांखालील मुले यांना ते देऊ नये असेही ठरले. मलमाला ही बंधने लागू केली गेली नाहीत, कारण त्वचेवाटे रक्तात जाणारे प्रमाण फारच थोडे असते. तरीही गरोदरपणात किंवा लहान मुलांवर असे मलम स्वतःच्या मनाने वापरण्यात शहाणपण नाही. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारावे, कारण या औषधाने झटके येऊ शकतात.

नळीतला खरा कामाचा घटक बहुधा डायक्लोफेनॅक असतो. नळीवर तो ‘डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के’ असा लिहिलेला आढळतो आणि ते प्रमाण डायक्लोफेनॅक सोडियमच्या १ टक्क्याइतके असते. हे दाह कमी करणारे औषध आहे. लचक, मुरगळणे, मुका मार यांवर त्याच्या जेलचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एका विशिष्ट प्रकारच्या डायक्लोफेनॅक जेलने १०० पैकी ७८ जणांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले. नुसते औषधविरहित जेल लावलेल्यांत हे प्रमाण २० होते. त्या २० जणांकडेही दुर्लक्ष करू नये. चोळण्याचा, विश्रांतीचा आणि काळाचा गुण त्यांच्या वाट्याला आला होता.

गोळीच्या मानाने जेलमधले डायक्लोफेनॅक रक्तात अगदी कमी जाते. गुडघ्यावर लावून केलेल्या मोजणीत ते गोळीच्या सुमारे ६ टक्के भरले. म्हणूनच पोटाला गोळ्या सोसत नसलेल्या वयस्कर माणसांना डॉक्टर आधी जेल सुचवतात. पण ६ टक्के म्हणजे शून्य नव्हे. ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामकाने ज्यांना दमा उफाळतो वा अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्यांनी हे जेल लावू नये. मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर किंवा हृदयविकार असलेल्यांनी मोठ्या भागावर आणि बरेच दिवस लावण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

दुसरा वर्ग घरोघरच्या बामांचा. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केले, तेव्हापासून बामाची डबी मराठी घरात रुळली आहे. या वर्गातल्या मलमांत मेन्थॉल, कापूर, निलगिरी तेल, गंधपुरा तेल म्हणजेच मिथाइल सॅलिसिलेट आणि काहींत मिरचीतला कॅप्सेसिन असतो. मेन्थॉलने त्वचा प्रत्यक्षात थंड होत नाही आणि कॅप्सेसिनने ती भाजतही नाही. मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा आणि उष्णता ओळखणारे सूक्ष्म दरवाजे असतात, ते या द्रव्यांमुळे उघडतात आणि मेंदूला तसा भास होतो. कॅप्सेसिनच्या मदतीने उष्णतेचा दरवाजा शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना अर्डेम पॅटापूटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सॅलिसिलेट असलेल्या बामांनी दुखणे खरोखर किती कमी होते याचा पुरावा मात्र कच्चा आहे. बरे वाटते हे खरे, आणि अवघडलेल्या मानेला तेवढेही पुरते.

बाम साधा समजला जातो म्हणून त्याच्याबाबत जास्त बेफिकिरी दिसते. मिथाइल सॅलिसिलेट हा ॲस्पिरिनचाच भाऊबंद. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चहाच्या चमच्यात ॲस्पिरिनच्या सुमारे २० गोळ्यांइतके सॅलिसिलेट भरते आणि एवढे तेल लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्वचेवाटेही ते शोषले जाते. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये १७ वर्षांची एक धावपटू मुलगी दगावली आणि तपासात तिच्या शरीरात मिथाइल सॅलिसिलेटचे विषारी प्रमाण आढळले. सरावाने दुखणाऱ्या पायांवर ती अशी मलमे फार मोठ्या प्रमाणात वापरत असे. असा प्रसंग अतिशय दुर्मिळ, पण अंगभर आणि पुन्हापुन्हा लावण्याचा धोका त्यातून कळतो. हृदयाची कृत्रिम झडप किंवा रक्ताच्या गुठळ्यांसाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर सॅलिसिलेटचे मलम टाळावेच. त्याने रक्त आणखी पातळ होऊन रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत.

भारतीय बाजारात हे दोन्ही वर्ग एकाच नळीत आणण्याचा सोस आहे. नेहमीची एखादी नळी उलटून बारीक अक्षरे वाचली तर साधारण असा मजकूर दिसतो: डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के, जवस तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के, आणि काहींत कॅप्सेसिन ०.०२५ टक्के. काही नळ्यांत यात थायोकोल्चिकोसाइडचीही भर असते. म्हणजे ‘मसल रिलॅक्संट’ म्हणून घेतलेल्या नळीत चार-पाच औषधे एकदम असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाची पथ्ये निराळी. ३० ग्रॅमच्या अशा नळीत मिथाइल सॅलिसिलेटच ३ ग्रॅम होते. साध्या लचकेला साधे एकघटकी डायक्लोफेनॅक जेल पुरेसे असते. जळजळ जितकी जास्त तितके औषध जालीम, हा समज दुकानदारीला सोयीचा आहे, वैद्यकाला नाही.

नळी घेतल्यावर पहिला प्रश्न किती लावायचे हा. त्वचारोगतज्ज्ञ मलमासाठी बोटाचे माप सांगतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली एक रेघ म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटावर सुमारे अर्धा ग्रॅम. कंबरेच्या एका बाजूसाठी किंवा खांद्यासाठी अशा चार रेघा, म्हणजे २ ग्रॅम, बहुधा पुरतात. मोठ्या भागाला दुप्पट लागेल. डायक्लोफेनॅकचे जेल दिवसातून तीन ते चार वेळा लावतात. २ ग्रॅम तीनदा या हिशेबाने ३० ग्रॅमची नळी पाच दिवस जाते. ती दोन दिवसांतच चेपून गुंडाळावी लागत असेल, तर एक तर मलम फार लावले जाते आहे किंवा दुखणारा भाग मलमाने सांभाळण्याजोगा राहिलेला नाही.

मलम धुऊन कोरड्या केलेल्या त्वचेवर हलक्या हाताने पसरावे. जखम, खरचटलेली जागा, इसब, नुकतीच दाढी किंवा वॅक्सिंग केलेली त्वचा, भाजलेला भाग यांवर ते लावू नये, कारण तिथे राखण मोडलेली असते आणि औषध भराभर आत जाते. चोळण्याने औषध जास्त खोल जाते अशी समजूत आहे. पण ताज्या लचकेवर अंगठ्याने रगडले तर फाटलेल्या तंतूंना आणखी इजा होते आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसते. मालीशच हवे असेल तर पहिले दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. लावल्यावर दहा मिनिटे कपडा अंगाला लागू देऊ नये आणि तासभर आंघोळ करू नये.

शेकाबाबत विशेष जपावे लागते. मलम लावून वरून गरम पाण्याची पिशवी ठेवायची, किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्याने शेकायचे, ही घराघरातली रीत आहे. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि औषध भसाभस शोषले जाते. शिवाय मेन्थॉलने जाणीव बधिर झालेली असल्याने चटका बसतो आहे हे कळतही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली अशा मलमांमुळे त्वचा भाजल्याच्या ४३ घटनांची दखल घेऊन इशारा दिला होता. त्यांत मेन्थॉल ३ टक्क्यांहून आणि मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांहून जास्त असलेली उत्पादने ठळक होती, आणि काहींना एकदाच लावल्यावर फोड आले होते. शेक घ्यायचाच तर मलमाआधी घ्यावा आणि त्वचा पुन्हा नेहमीसारखी झाल्यावर मलम लावावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर बाम आणि शेक दोन्हींपासून जपून राहावे. घट्ट क्रेप बँडेज किंवा प्लास्टिकचा कागद मलमावर गुंडाळणेही याच कारणाने वर्ज्य. मलमाने थोडी ऊब वा गारवा जाणवणे ठीक. दुखू लागले, फोड आला किंवा त्वचा लालभडक झाली तर साबणाने धुऊन टाकावे आणि ते मलम पुन्हा लावू नये.

केटोप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकाच्या जेलने उन्हात त्वचेची तीव्र ॲलर्जी उठू शकते. म्हणून ते लावलेला भाग उपचार चालू असताना आणि त्यानंतरही दोन आठवडे कपड्याने झाकून ठेवायला सांगतात. शेतात किंवा रस्त्यावर दिवसभर उन्हात राबणाऱ्याला हे जेल मुळातच सोयीचे नाही. डायक्लोफेनॅकच्या बाबतीतही कडक ऊन टाळलेले बरे.

लावून झाले की हात साबणाने धुवावेत. हाताचेच दुखणे असेल तर तासाभराने धुवावेत. कॅप्सेसिनचा हात डोळ्याला लागला तर काय होते, हे मिरच्या चिरलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. अशा वेळी डोळा न चोळता भरपूर साध्या पाण्याने धुवावा. त्वचेची आग असह्य झाली तर गरम पाणी ओतू नये. थोडे खाद्यतेल लावून पुसावे आणि मग साबणाने धुवावे. मलमाऐवजी वेदनाशामक स्प्रे मारताना जवळ गॅस, उदबत्ती किंवा सिगारेट पेटलेली नसावी, कारण त्यात पेट घेणारे अल्कोहोल आणि वायू असतात.

सात दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. स्नायूच्या दुखण्यावर स्वतःच्या मनाने सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ डायक्लोफेनॅकचे जेल वापरू नये. मलम लावतो म्हणून सोबत डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्याही चालतील, असे धरून चालू नये. एकाच जातीची औषधे दोन वाटांनी शरीरात जातात आणि त्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो. रक्तदाबाची गोळी आणि पाणी उतरवणारी गोळी चालू असलेल्या वृद्धांत हा भार लवकर जाणवतो. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित जोडीदार आहे, अर्थात ठरलेल्या मात्रेत.

गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनच्या जातीच्या वेदनाशामकांनी गर्भजलाचे प्रमाण घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली दिला. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो, म्हणून त्या काळात डायक्लोफेनॅकचे जेलही लावत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने कोणतेही मलम छातीवर लावू नये. तान्ह्या बाळाच्या नाकाशी किंवा छातीवर मेन्थॉल-कापराचा बाम लावण्याची सवय धोक्याची आहे. त्याने श्वास अडकू शकतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात.

दुखणे मुळात स्नायूचे आहे का, हेही पाहावे लागते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम केल्यानंतर पोटऱ्या दुखणे स्वाभाविक वाटते. पण त्याबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटरी दाबल्यावर असह्य कळ उठली, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदीर किंवा गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून हा रोग होतो आणि लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, तोवर चिखलाची आठवणही विरलेली असते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्याची साथ आली होती. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर रोगी बरा होतो. पोटऱ्यांना बाम चोळत चार दिवस काढले तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत बाधा पोहोचते.

एकाच पायाची पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि ती चोळू नये. घाम फुटून छाती, डावा खांदा किंवा जबडा दुखत असेल तर बाम शोधण्यात वेळ न घालवता इस्पितळ गाठावे. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातला जोर गेला, तर त्याच दिवशी तपासणी हवी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्याचे अंगभर स्नायू दुखू लागले आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवावे.

नळी उन्हापासून दूर, झाकण घट्ट लावून आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. टूथपेस्टशेजारी तर मुळीच ठेवू नये. घरात मांजर असेल तर मलम लावलेला हात तिला चाटू देऊ नये. फ्लर्बिप्रोफेन या वेदनाशामकाचे मलम वापरणाऱ्या घरांतल्या मांजरी आजारी पडून मेल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली तसा इशारा दिला होता. मुलाने बाम किंवा गंधपुरा तेल गिळले तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. कान वाजणे, जोरजोरात श्वास, उलट्या, गुंगी ही सॅलिसिलेटच्या विषबाधेची लक्षणे, पण ती दिसण्याची वाट पाहू नये. मुलाला तडक इस्पितळात न्यावे आणि ती नळी किंवा बाटली सोबत घ्यावी, म्हणजे त्यात काय आणि किती होते ते डॉक्टरांना लगेच वाचता येईल.